पत्रिका आणि पाल्य : जन्मकुंडलीतून स्वभाव व छंद पाहताना

(पालकांसाठी योजलेल्या एका व्याख्यानाचा पाठ)



मराठी घरात मूल जन्माला आले की सर्वप्रथम घड्याळाकडे पाहिले जाते. जन्मवेळ कागदावर टिपून ठेवली जाते, बारशापूर्वी नक्षत्र व चरण पाहून नावाचे आद्याक्षर काढले जाते आणि यथावकाश घरातील वडीलधारी मंडळी पत्रिका करून घेतात. पूर्वी ही पत्रिका कपाटात जी जाई, ती लग्नाची बोलणी सुरू झाल्यावरच बाहेर निघे. अलीकडे ती फार लवकर बाहेर निघू लागली आहे. मूल आठ-दहा वर्षांचे झाले की ‘याला तबल्याच्या वर्गाला घालू की बुद्धिबळाच्या?’ हा प्रश्न पत्रिकेला विचारला जातो. दहावीच्या निकालानंतर शास्त्रशाखा की कला, हाही निर्णय तिच्यावर सोपवला जातो. म्हणून जन्मकुंडलीतून स्वभाव आणि आवड यांविषयी नेमके काय कळते व काय कळत नाही, याचा शांतपणे विचार करणे हे पालकांचे कर्तव्य ठरते. प्रश्न ग्रहांचा दिसतो. परंतु त्यात पणाला लागलेले असते ते एका मुलाचे बालपण.

कुंडलीची दोन अंगे आहेत : गणित आणि फलित. जन्माच्या क्षणी, जन्मस्थानावरून पाहता, कोणता ग्रह कोणत्या राशीत होता आणि पूर्व क्षितिजावर कोणती रास उगवत होती, हे सांगणे म्हणजे गणित. त्या स्थितीवरून माणसाचा स्वभाव, विद्या, आरोग्य व भाग्य यांचा निर्णय करणे म्हणजे फलित. ही दोन्ही अंगे एकाच कागदावर येत असल्याने एकाची प्रतिष्ठा नकळत दुसऱ्याला मिळते. सारा घोटाळा येथूनच सुरू होतो. म्हणून दोहोंचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे.

प्रथम गणित. आपल्याकडील कुंडली निरयन पद्धतीची असते. निरयन म्हणजे काय, हे समजण्यासाठी मकरसंक्रांतीचे उदाहरण पुरेसे आहे. सूर्याचे प्रत्यक्ष उत्तरायण डिसेंबरच्या २१ किंवा २२ तारखेस सुरू होते. आपण तिळगूळ वाटतो तो १४ किंवा १५ जानेवारीस. हे चोवीस दिवसांचे अंतर कोठून आले? पृथ्वीचा आस भोवऱ्याप्रमाणे अतिशय संथ डुलत असतो. त्यामुळे वसंतसंपाताचा बिंदू ताऱ्यांच्या संदर्भात वर्षाला सुमारे ५० विकला, म्हणजे ७२ वर्षांत सुमारे एक अंश, मागे सरकतो. पाश्चात्त्य ज्योतिषी राशींची मोजणी या सरकत्या बिंदूपासून करतात. ती सायन पद्धत. आपले पंचांगकर्ते स्थिर ताऱ्यांच्या आधाराने मोजतात. ती निरयन पद्धत. दोहोंतील अंतरास अयनांश म्हणतात आणि आज ते चोवीस अंशांहून थोडे अधिक आहे. परिणामी ५ एप्रिलला जन्मलेल्या मुलाचा सूर्य सायन पद्धतीने मेषेत असतो, तर निरयन पद्धतीने मीनेत. शिवाय आपल्याकडे ‘माझी रास अमुक’ असे कोणी म्हणतो, तेव्हा त्याला जन्मकालीन चंद्राची रास अभिप्रेत असते, सूर्याची नव्हे. इंग्रजी मासिकातील सूर्यराशीचे वर्णन वाचून आपल्या मुलाचा स्वभाव ठरवणारे पालक त्यामुळे दोन भिन्न पद्धतींची सरमिसळ करीत असतात.

या गणिताच्या शुद्धीसाठी महाराष्ट्रातील विद्वानांनी जे परिश्रम घेतले, त्यांचे स्मरण या प्रसंगी उचित होईल. शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) हे शिक्षण खात्यात अध्यापक होते. तुटपुंजे आयुष्य आणि पोटाचा व्यवसाय सांभाळून त्यांनी १८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला; आपल्या ज्योतिषाच्या इतिहासाचा तो आजही आधारग्रंथ आहे. व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) हेही शिक्षकच. आधुनिक वेधांशी जुळणारे ग्रहगणित त्यांनी संस्कृतात सिद्ध केले आणि अयनांशासाठी चित्रा तारा आधारभूत धरावी, या मताचा पुरस्कार केला. लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या ‘ओरायन’मध्ये याच संपातचलनाच्या आधाराने वेदकालाचा निर्णय करण्याचा प्रयत्न केला, पंचांगासाठी मात्र त्यांनी रेवती तारेचा पक्ष घेतला. पुढे भारत सरकारने १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली, तिचा अहवाल १९५५ साली आला आणि राष्ट्रीय पंचांगात चित्रा तारेवर आधारलेला अयनांश स्वीकारला गेला.

गणिताच्या अंगाने कुंडली किती विश्वसनीय असते, याचे एक उदाहरण तर प्रत्येक मराठी मनाला जवळचे आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद दीर्घकाळ चालला. लोकमान्यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी आढळली. पुढे राजस्थानातील जोधपूर येथे जुन्या कुंडल्यांच्या संग्रहात महाराजांची कुंडली मिळाली आणि तिने याच तिथीस दुजोरा दिला. त्या कागदावर महाराजांचे भविष्य काय वर्तवले होते, याला इतिहासकारांच्या लेखी काही महत्त्व नव्हते. महत्त्व होते ते ग्रहस्थितीच्या नोंदीला. कुंडली हा एका क्षणाच्या आकाशाचा नकाशा आहे आणि नकाशा म्हणून तो शतकांनंतरही बोलतो.

आता फलिताकडे वळू. स्वभाव पाहताना ज्योतिषी प्रामुख्याने तीन गोष्टींचा विचार करतात. लग्नावरून शरीरयष्टी व एकंदर वृत्ती, चंद्रावरून मन व भावना, रवीवरून आत्मबल व तेज. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते, चंद्र सव्वादोन दिवसांनी रास बदलतो आणि रवी महिन्याने. म्हणून लग्नाला अधिक वैयक्तिक मानले जाते. छंदासाठी मात्र जुन्या जातकग्रंथांत स्वतंत्र स्थान सांगितलेले नाही. कारण पोटाच्या उद्योगाहून निराळा ‘छंद’ ही कल्पनाच अलीकडची आहे. आजचे ज्योतिषी त्यासाठी तृतीय व पंचम ही दोन स्थाने पाहतात. तृतीय हे पराक्रमाचे, भावंडांचे आणि हातांचे स्थान. त्यावरून हस्तकौशल्य, लेखन, धाडस, लहानसहान प्रवास. पंचम हे विद्या, बुद्धी व संततीचे स्थान. त्यावरून कला, क्रीडा, उपासना. मग तेथील ग्रह पाहायचे : मंगळ असेल तर मैदानी खेळ, बुध असेल तर गणित, लेखन व शब्दांचे खेळ, गुरू असेल तर वाचन व अध्यापन, शुक्र असेल तर गायन, चित्रकला, वेशभूषा, आणि शनी असेल तर संथ व चिकाटीची कामे किंवा जुन्या वस्तूंचा संग्रह.

एक कल्पित कुंडली घेऊ. मिथुन लग्न आहे. तृतीयात सिंहेचा मंगळ, पंचमात स्वराशीचा, म्हणजे तुळेचा शुक्र आणि चंद्र उच्चीचा, वृषभेत. बहुतेक ज्योतिषी सांगतील, ‘मुलगी बोलकी, चौकस, धीट, मन स्थिर, गळा गोड, हिला गाणे शिकवा.’ वर्णन सुसंगत आहे, सुंदर आहे आणि ऐकताना आईवडिलांचा ऊर भरून येतो. आता या शुक्राचे अंश २८ आहेत असे समजू. हे गणित चित्रापक्षीय पंचांगाचे झाले. घरात टिळक पंचांग असेल तर रेवती पक्षाप्रमाणे अयनांश सुमारे चार अंशांनी कमी धरला जातो, त्यामुळे त्या पंचांगातील मकरसंक्रांतही साधारण चार दिवस आधी येते. प्रत्येक ग्रहाचे निरयन स्थान तेवढेच पुढे सरकते. २८ अंशांवरील शुक्र तूळ ओलांडून वृश्चिकेत जातो. पंचमातून निघून षष्ठात, म्हणजे रोग व शत्रू यांच्या स्थानात पडतो. मुलगी तीच, जन्मवेळ तीच, आकाशातील शुक्रही तोच. पण एका पंचांगाने दिलेले गाणे दुसऱ्या पंचांगाने काढून घेतले! तीस अंशांच्या राशीत शेवटच्या चार अंशांत असलेला प्रत्येक ग्रह असा घर बदलतो. कोणत्याही एका ग्रहाच्या बाबतीत हे साडेसातांत एकदा घडणार. नऊ ग्रहांचा विचार केला तर बहुतेक कुंडल्यांत एखादा तरी ग्रह असा निघणारच. दोन्ही पंचांगे श्रद्धेने वापरणारी कुटुंबे महाराष्ट्रात आहेत आणि दोन्हीकडे ‘अनुभव येतो’ असेच सांगितले जाते. या गोष्टीचा प्रत्येकाने विचार करावा.

जन्मवेळेचेही तसेच. चार मिनिटांत लग्न साधारण एक अंश पुढे जाते. प्रसूतिगृहातील वेळ किती काटेकोर असते, हे तेथे थांबलेल्या प्रत्येक पित्यास ठाऊक आहे. आणि वेळ अचूक धरली तरी आपल्या देशात वर्षाला दोन कोटींहून अधिक बालके जन्मतात. म्हणजे एका लग्नाच्या दोन तासांत सरासरी साडेचार हजारांहून अधिक. जवळजवळ सारखी कुंडली घेऊन आलेली ही साडेचार हजार मुले सारख्याच स्वभावाची व सारख्याच आवडीची होतात काय?

मग अनुभव का येतो? १९४८ साली बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुमचे व्यक्तिमत्त्व’ म्हणून एक वर्णन लिहून दिले. ते स्वतःशी कितपत जुळते, याला पाचांपैकी गुण द्यावयाचे होते. सरासरी ४.२६ पडली. त्यानंतर विद्यार्थ्यांना कळले की सर्वांच्या हाती शब्दशः एकच वर्णन होते. त्यातील वाक्ये बाजारात मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून घेतलेली होती. ‘तुम्ही वरून शिस्तीचे, पण आतून हळवे आहात’ हे वाक्य कोणाला लागू पडत नाही? माणूस आपल्याविषयीचे शब्द ऐकताना जुळणारे तेवढे उचलतो व न जुळणारे विसरतो. यात फसवणुकीचा हेतू असावाच लागत नाही. सांगणारा व ऐकणारा दोघेही प्रामाणिक असू शकतात.

शॉन कार्लसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने ज्योतिष्यांच्याच सल्ल्याने आखलेली एक परीक्षा १९८५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केली. एक कुंडली व तीन व्यक्तिमत्त्व-वर्णने द्यायची आणि त्यांतून त्या कुंडलीचे वर्णन ओळखायचे, असा तिचा प्रकार होता. तीनांत एक, म्हणजे डोळे मिटून निवडल्यास जेवढे यश येईल, तेवढेच आले. या परीक्षेवर पुढे वाद झाले; शिवाय ती सायन पद्धतीची होती, म्हणून निरयनवाद्यांनी ती आपली मानू नये, हे म्हणणे ग्राह्य धरू. पण निरयन कुंडलीची परीक्षा तर आपल्याच पुण्यात झाली. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी २००८ साली सहकाऱ्यांसह ज्योतिष्यांना आवाहन केले. शाळेत चमकणाऱ्या शंभर आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या शंभर मुलांच्या कुंडल्या एकत्र केल्या होत्या. प्रत्येक ज्योतिष्याने चाळीस कुंडल्या पाहून कोणती कोणत्या गटातील, एवढेच सांगायचे होते. ५१ जणांनी कुंडल्या मागवल्या, त्यांपैकी २७ जणांनी उत्तरे पाठवली. सरासरी यश ४६ टक्के. नाणे उडवून निर्णय केला असता तर चाळीसांत वीस बरोबर आले असते. येथे ते अठरा-एकोणीस आले. एका संस्थेने दोनशेही कुंडल्या तपासल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर निघाली. याचा अहवाल २००९ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. पद्धतीवर आक्षेप घेणाऱ्यांनी ते जरूर घ्यावेत, याहून चांगली परीक्षाही योजावी. परंतु बुद्धीचा एवढा ठळक भेदही जेथे कुंडलीतून वेगळा काढता येत नाही, तेथे तबला की बुद्धिबळ हा सूक्ष्म भेद तिने सांगावा, ही अपेक्षा फार मोठी आहे.

परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांना हे ऐकून खंत वाटण्याचे कारण नाही. तपासून घेणे ही आपली परंपराच आहे. ग्रहण पंचांगात सांगितलेल्या वेळी लागत नाही असे दिसताच दीक्षित, केतकर, टिळक यांनी आकाशाला दोष दिला नाही. त्यांनी गणित दुरुस्त करण्याची खटपट केली. वेधाशी जे जुळत नाही ते टाकावे, हा त्यांचा बाणा होता. जो न्याय गणिताला, तोच फलिताला लावणे म्हणजे त्यांच्याच मार्गाने चालणे होय. फलज्योतिषाच्या परंपरेतही देश, काळ व पात्र पाहून फल सांगावे, असा दंडक आहे. म्हणजे केवळ कागद पाहून माणसाविषयी बोलू नये, हे जुन्या जाणकारांनाही मान्य होते. एखाद्या गावातील वृद्ध जोशीबुवांचा सल्ला बरोबर ठरे, तो पुष्कळदा याच कारणाने. त्यांना त्या घराच्या तीन पिढ्या ठाऊक असत. समोर बसलेल्या माणसाचे ते ऐकून घेत आणि धीराचा शब्द देत. तो गुण ग्रहांपेक्षा त्या जोशीबुवांचा अधिक होता.

खरी काळजीची बाब निराळीच आहे. ‘याचा मंगळ कडक, हा हट्टीच निघणार’, ‘हिच्या पंचमात शनी, हिचे शिक्षण रखडणार’ अशी वाक्ये घरात मुलांच्या देखत सहज बोलली जातात. आठ वर्षांचे मूल ती ऐकते व खरी मानते. गणित अडले की ‘माझा बुधच बिघडलेला’ म्हणून प्रयत्न सोडण्याची मुभा त्याला मिळते. पालकही मग तसेच पाहू लागतात. मुलाने दहा वेळा ऐकले ते ध्यानात राहत नाही, अकराव्या वेळेचा हट्ट मात्र मंगळाच्या खात्यावर जमा होतो. उलट बाजूनेही हानी होतेच. शुक्र चांगला म्हणून हौसेने आणलेली पेटी वर्षभरात माळ्यावर जाते आणि ज्या मुलाला मोडकी घड्याळे उघडण्यात खरा रस होता, त्याच्या हातून तो पेचकस ‘वेळ वाया घालवू नकोस’ म्हणून काढून घेतलेला असतो. पत्रिकेचे भाकीत चुकले, याने फारसे बिघडत नाही. मुलाकडे पाहायचे राहून गेले, ही हानी मात्र भरून येत नाही.

मग पत्रिका फेकून द्यावी काय? तसे सांगण्याचा हेतू नाही. ती घरातील संस्काराचा भाग आहे, जन्मक्षणाची सुंदर नोंद आहे आणि मुलांना आकाश शिकवण्याचे उत्तम साधन आहे. ‘तुझ्या जन्माच्या वेळी गुरू येथे होता, आज तो कोठे आहे ते पाहू’ असे म्हणून गच्चीवर नेलेले मूल ग्रह-तारे जन्मभर विसरणार नाही. इतकेच नव्हे, स्थानांची ती यादी पालकांना प्रश्नावली म्हणूनही वापरता येईल. तृतीय स्थान आठवले की विचारावे, हा हातांनी काय करतो? पंचम आठवले की विचारावे, कशात रमला असता याला भुकेचे भान राहत नाही? चतुर्थ आठवले की पाहावे, घरात याचे मन निवांत आहे ना? या प्रश्नांची उत्तरे मात्र ग्रहांकडून घेऊ नयेत, ती मुलाकडूनच घ्यावीत.

त्यासाठी उपाय साधा आहे. पत्रिकेशेजारी एक वही ठेवावी. कोणी न सांगता मूल काय करते, कोणते काम अडले तरी पुन्हा हाती घेते, कशाविषयी आपणहून प्रश्न विचारते, याची महिन्यातून एकदा दोन ओळींत नोंद करावी. शाळेतील शिक्षक, आजी-आजोबा, खेळाच्या मैदानावरील दादा-ताई यांचे निरीक्षणही त्यात लिहावे. नवा छंद लागला की त्याला काही महिने निर्वेध मिळू द्यावेत. पहिल्या परीक्षेवरून किंवा पहिल्या स्पर्धेवरून निकाल लावू नये. वर्षअखेरीस वही उघडून वाचावी. वाटल्यास पत्रिकेशी ताडूनही पाहावी. पण वही आणि पत्रिका यांत मतभेद झाला, तर वहीचा शब्द अखेरचा मानावा.

दीक्षित आणि केतकर या दोघांचा पोटाचा व्यवसाय शिकवण्याचा होता. ताऱ्यांचे गणित त्यांनी उरलेल्या वेळात, आवडीने व चिकाटीने केले. त्या उरलेल्या वेळातील कामानेच ते आज स्मरणात आहेत. आपल्या घरातील मुलांच्या उरलेल्या वेळातही असे काही दडलेले असू शकते. ते ओळखण्यासाठी लागणारी नजर आईवडिलांजवळ आहे. ती कागदावरून उचलून मुलाकडे वळवावी, एवढीच प्रार्थना.